फ्रान्सला न्यायचा धोंडा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि तो नसल्याचा मला भारी माज होता. सांगलीत कॉलेजात असताना पैज लावून अमावस्येला स्मशानाच्या कट्ट्यावर बसून मी भेळ खाल्ली होती. वर, ‘भूत आलंच तर त्याला कांदा कमी घाला,’ असं भाषणही ठोकलं होतं. दोन वेण्या आणि अक्कल शून्य. ती पोरगी आज भेटली तर एक टपली देईन तिला... पण ती निदान विशीची तरी होती. आता सांगतेय तो प्रताप मी सहासष्टाव्या वर्षी केला. त्याला वयाची सबब नाही.

आम्ही ओकव्हिलला राहतो. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक पार्क आहे, तिथून लाकडी पायऱ्या उतरलं की लेक ऑन्टॅरिओचा किनारा. वाळू नाही, नुसते गोटे.

मी आयुष्यभर शाळेत फ्रेंच शिकवलं. ‘गावातली बेकरी कुठे आहे?’ हे पोरांकडून घोकून घेतलं, पण स्वतः फ्रान्स पाहिलं नव्हतं. शेजारची कोलेट मूळची क्युबेकची. तिने तिकडची पदयात्रा केलेली. ल पुई नावाच्या गावातल्या चर्चपासून निघायचं आणि डोंगर, कुरणं, खेडी पार करत कॉन्क गावापर्यंत चालत जायचं. तिचे फोटो बघितले आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. त्यातच डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे बघून सांगितलं, “जायचंच तर यंदा जा. पुढच्या वर्षी पाठीवर ओझं घेऊन चालणं विसरा.”

झालं! आमचे हे रिटायर्ड इंजिनिअर. त्यांनी लगेच मुक्कामांची एक्सेल शीट काढली.

“अगं, या खेड्यात दोनच खाटा शिल्लक आहेत.”

“मग? दोघंच तर आहोत आपण!”

सप्टेंबरचं तिकीट काढलं. कोलेटने सांगितलं, यात्रेकरू आपल्या गावचा एक दगड बरोबर घेतात, वाटेतल्या एखाद्या क्रूसापाशी ठेवतात. मनावरचं ओझं तिथे उतरवायचं. मी तिला म्हटलं, “आम्ही देवाला नारळ नेतो, तुम्ही धोंडा नेता. देवाची काय चूक?” पण दुसऱ्या दिवशी गेलेच किनाऱ्यावर.

एप्रिल होता, बर्फ नुकतं वितळलेलं. पायरीपाशीच एक काळसर दगड दिसला... चपटा, मुठीत मावेल असा. त्याला वाळक्या गवताची काडी गुंडाळलेली, गाठ मारल्यासारखी. मला वाटलं, वा, निसर्गाने गिफ्ट पॅक करून ठेवलंय! काडी सोडवून फेकली आणि दगड यात्रेच्या बॅगेत टाकला.

मग प्रॅक्टिस सुरू झाली. ओझ्याची सवय व्हावी म्हणून बॅगेत तांदळाची पाकिटं भरायची, पाण्याची बाटली काठोकाठ भरायची आणि किनाऱ्याने चालायचं. पहिल्याच दिवशी परतीच्या वाटेवर बाटली उघडली तर रिकामी. बॅग आतून कोरडी ठणठणीत. म्हटलं, भरायलाच विसरले, म्हातारी झाले. दुसऱ्या दिवशी ह्यांच्यासमोर भरली. पुन्हा रिकामी. हे म्हणाले, “झाकण लीक होतंय.”

“मग पाणी कुठे गेलं?”

“इव्हॅपोरेट.”

कॅनडात, एप्रिलमध्ये! नवी बाटली आणली. तिचंही तेच. आणि गोट्यांवरून चालताना माझ्या पावलांमागे आणखी एक पाऊल वाजायचं. मी थांबले की ते एक पाऊल जास्त पडून थांबायचं. मी मागे वळून बघितलं नाही. स्मशानात भेळ खाणारी मी, भर सकाळी मान वळवायला घाबरत होते... आणि घरी येऊन ‘प्रतिध्वनी, दुसरं काय’ म्हणत होते.

मग माझा खांदा आखडला म्हणून एक दिवस ह्यांनी बॅग घेतली. घरी आले, बॅग सोफ्याशेजारी ठेवली आणि घटाघटा पाणी प्यायले. एक ग्लास, दुसरा, मग पाण्याचा जगच तोंडाला लावला. म्हटलं, दमले असतील. पण तो दिवस गेला, दुसरा गेला, तहान जाईना. ओठ फुटले, डोळे खोल गेले. क्लिनिकमध्ये शुगर बघितली, नॉर्मल. आणखी टेस्ट लिहून दिल्या. ह्यांचा हात धरला तर कातडी कागदासारखी लागायची. फ्रान्स गेलं चुलीत, मला हा माणूस हवा होता.

त्या दुपारी हे सोफ्यावर डोळे मिटून पडले होते. अंगावर छान ऊन आलं होतं.

“आई, पाणी.”

मी घाबरून हसले. “अहो, बायकोला आई म्हणायला लागलात?”

डोळे उघडले नाहीत. “आई, किती वेळ झाला... पाणी दे न वं.”

आमचे हे सदाशिव पेठेतले. हा हेल नागपूरकडचा होता, कोवळ्या पोराचा. आणि ह्यांनी आपल्या आईला जन्मात ‘आई’ म्हटलं नाही, ‘माई’ म्हणायचे.

हाताशी बॅग होती, त्यात सवयीने सकाळी भरलेली बाटली. चेन ओढली. बाटली कोरडी. तांदळाचं पाकीट फाटलेलं, आणि तांदूळ... कच्चे टाकलेले तांदूळ मऊ होऊन त्या दगडाभोवती गोळा झाले होते. शिजवून मुठीने वळल्यासारखे.

हे मी पाहिलं होतं. कृष्णेच्या घाटावर, वडिलांच्या दहाव्याला.

रिचमंड हिलला माझी मैत्रीण वसुधा राहते. पुण्यात पौरोहित्य शिकलेली, इथे बारशापासून अंत्येष्टीपर्यंत सगळं करते. तिला फोन लावला.

“वसुधा, दगडाला गवत कधी बांधतात गं?”

“कसल्या दगडाला? आवाज का असा येतोय तुझा?”

सगळं सांगितलं. ती ओरडलीच, “अगं बये, ते गवत नाही, दर्भ! तो अश्मा आहे कुणाचा तरी!”

अश्मा म्हणजे अंत्यविधीचा दगड. गेलेल्या माणसाचा जीव त्यात आहे असं मानून दहा दिवस त्याला पाणी आणि पिंड द्यायचे, मग पाण्यात सोडायचा. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं! पण ते घाटावर. ओकव्हिलच्या पार्काखाली कुणाला सुचतं?

“इथे कितीतरी जण तळ्यात सोडतात,” वसुधा म्हणाली. “लाटेने परत आला असेल. कोण जाणे, त्याचे विधी तरी पुरे झाले होते की नाही. आणि तू! तांदूळ, पाणी बरोबर घेऊन... त्याचं पान वाढून रोज पाठीवर फिरवत होतीस, आणि हातात काही देत नव्हतीस.”

“आता काय करू?”

“काळे तीळ आहेत ना? जा. दक्षिणेकडे तोंड करून पाणी दे आणि सोड त्याला.”

“नाव माहीत नाही. गोत्र माहीत नाही.”

“गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात. आणि नाव... तुला काय म्हणाला तो?”

“आई.”

“मग ‘माझा मुलगा’ म्हण.”

कोलेटला ह्यांच्याजवळ बसवलं आणि गेले. ओकव्हिलला तळं दक्षिणेलाच आहे, दिशा शोधावी लागली नाही. गोट्यांवर दगड ठेवला, ओंजळीत तिळाचं पाणी घेतलं, अंगठ्यावरून सोडलं. ते खाली ओघळलं नाही. दगड कोरडाच. पुन्हा सोडलं. कोरडा. बाटली संपली, मग तळ्यातलंच ओंजळीने घालत राहिले. बोटं बधिर झाली, दात वाजत होते आणि तोंडाने एकच चाललं होतं, “पी बाळा, पी... आणि माझ्या माणसाला सोड.”

किती वेळ गेला ठाऊक नाही. मग एका ओंजळीचं पाणी दगडावरून ओघळून गोट्यांत गेलं. पुढचंही गेलं. दगड ओला झाला होता.

मी तो जमेल तितका लांब फेकला. आवाज झाला, वर्तुळं उठली. मग माझ्या शेजारून गोटे वाजत गेले, पाण्यापर्यंत... आणि थांबले. मी जागची हलले नाही.

घरी आले तर हे कोलेटला एक्सेल शीट दाखवत होते. तिपाईवर ग्लास, त्यात अर्धं पाणी.

“पीत का नाही?”

“पुरे झालं गं.”

सप्टेंबरला गेलो आम्ही. दगड न घेता. एका माळावर क्रूसाशी दगडांचा ढीग होता, तिथे मी अर्धी बाटली ओतली. एक फ्रेंच बाई बघतच राहिली.

हे अजून म्हणतात, त्यांना बारीक ताप असणार आणि झाकण लीकच होतं. असेल. तांदूळ कसे शिजले, हे विचारलं की मात्र चहा मागतात. मीही आता उत्तर शोधत नाही.

पण इथे वाचणाऱ्यांत कॅनडातले बरेच आहेत, नागपूरकडचेही असतील, म्हणून लिहिलं. तुमच्यापैकी कुणी आपल्या पोराला या तळ्यात निरोप दिला असेल, आणि काहीतरी राहून गेलं असं वाटून रात्री झोप लागत नसेल, तर झोपा निवांत. त्याला पाणी पोचलंय.