रिकाम्या यॉटचा बंदोबस्त

“कोऑर्डिनेटर, एकच सांग. तो प्रिन्स बोटीवर आहे की नाही?”

रेडिओवर डोना होती. सॅमन पकडणाऱ्या एका लहान बोटीची कॅप्टन. सिएटलजवळच्या एका खाडीबाहेर तिला आम्ही सकाळपासून अडवून ठेवलं होतं.

आम्ही म्हणजे एक खासगी कंपनी, आणि मी तिथला एस्कॉर्ट कोऑर्डिनेटर. कोणी राजघराण्यातलं समुद्रातून आलं की त्यांच्याभोवतीच्या सशस्त्र बोटी आणि बाकीचे सामान्य जीव यांच्यामध्ये रेडिओ घेऊन बसणारा माणूस. त्या दिवशी छोट्या राज्याचे आणि मोठ्या यॉटचे एक राजपुत्र आले होते. पुढे त्यांची स्वतःची युद्धनौका, दोन्ही अंगांना इथल्या गस्ती बोटी. या लवाजम्याभोवती ‘सिक्युरिटी झोन’ असतो. न दिसणारं कुंपण, यॉटबरोबर सरकणारं. यॉट थांबली की तेही थांबतं. आणि यॉट थांबली होती नेमकी खाडीच्या अरुंद तोंडाशी. तिथून डोंगर छान दिसतात म्हणे.

डोनाची अडचण साधी होती. जाळं टाकायची परवानगी त्या मोसमात त्या एकाच दिवसाची, तीही सूर्यास्तापर्यंत. मासे पलीकडे, ती अलीकडे.

“चेक करून सांगतो,” मी म्हणालो. तेवढ्यात सायलीचा फोन आला. पुण्याची मुलगी, बेलव्ह्यूला आमच्या शेजारी राहते, टेक कंपनीत आहे.

“काका, तुमचे प्रिन्स आज समुद्रात आहेत ना? अहो, ते आमच्या कॅफेटेरियात डोसा खातायत! लाइनसुद्धा लावली नाही, यार.”

“नीट बघ. दुसरं कोणी असेल.”

“सेल्फी पाठवू?”

पाठवलाच. राजपुत्रांना बोट लागते. म्हणून पहाटेच हेलिकॉप्टरने निघून गेले होते. आम्हाला कळवणं कोणाला सुचलं नव्हतं.

मी तो फोटो राजवाड्याच्या प्रोटोकॉल ऑफिसरला दाखवला. तो किनाऱ्यावरच्या आमच्या रेडिओ रूममध्ये माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसला होता.

“यॉटवर राजध्वज आहे,” तो म्हणाला. “ध्वज आहे, म्हणजे हिज हायनेस आहेत.”

“पण ते डोसा खातायत.”

“ते खासगीत. अधिकृतपणे ते यॉटवर आहेत.”

“मग ध्वज उतरवा.”

“त्यांच्या हुकमाशिवाय उतरत नाही.”

“विचारा ना त्यांना.”

“जेवताना?” त्याचा चेहरा असा झाला, जणू मी राज्यच मागितलं.

माझा बॉस डग म्हणाला, “क्लायंटचा झेंडा, क्लायंटचा नियम. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय, लक्षात आहे ना?”

होतं. गस्ती बोटींच्या कमांडरला मी एक वाक्य सांगितलं असतं तरी झोन उठला असता. झोन माणसासाठी असतो, कापडासाठी नाही. पण मी शहाणा माणूस.

“आहेत,” मी डोनाला सांगितलं. “यॉटवरच आहेत.”

“कॉपी. थांबते मग.”

तिने वाद घातला नाही. तेच अजून टोचतं. सूर्य बुडाला. ध्वज डौलात फडकत होता, आणि आम्ही त्याच्या केसालाही धक्का लागू दिला नाही.

संध्याकाळी किनाऱ्यावर मेजवानी होती. राजवाड्याच्या शेफला त्याच खाडीतला, त्याच दिवशीचा सॅमन हवा होता. शोधायचं काम डगने माझ्याकडे दिलं. पण त्या दिवशी खाडीत मासा कोणी पकडलाच नव्हता. बंदोबस्त फार चोख होता. शेवटी फ्रोझन गेला. ताजेपणाबद्दल खास कौतुक झालं. कॉन्ट्रॅक्टही रिन्यू झालं.

हे मी घरीसुद्धा बोललो नव्हतो. या वसंतात मात्र धक्क्यावर जाऊन डोनाला सगळं सांगितलं. ती जाळं दुरुस्त करत होती. हात थांबले नाहीत.

“मग दिवसभर तुम्ही सांभाळत कोणाला होता?”

“झेंड्याला.”

“झेंड्यावर माझा राग नाही,” ती म्हणाली. “मी त्याला विचारलं नव्हतं. तुला विचारलं होतं.”

ट्रेनिंगमध्ये शिकवतात की एस्कॉर्टला धोका बाहेरून येतो. असेल. डोना अजून त्याच खाडीत मासे पकडते, आणि मी अजून त्याच रेडिओवर आहे. मी काहीही सांगितलं, अगदी वाऱ्याची दिशासुद्धा, तरी ती आधी विचारते, “हे तू बघून सांगतोयस, की झेंडा बघून?”

मी खुर्चीतून उठतो, खिडकीशी जातो, बघतो आणि मग सांगतो.