माझा थकवाबी लोकांना नक्कलच वाटला

येडशीच्या वळणावर कुत्रं आडवं आलं, गाडी घसरली आन् माझं डोकं रस्त्यावर आपटलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मेंदूला सौम्य मार आहे. होईल बरं." ह्या सौम्यानं माझा जीव खाल्लाय. कितीतरी महिने झाले, अजून नुस्ती अंघोळ केली तरी आडवं व्हावं लागतंय. दोन माणसं एकदम बोलली की डोक्याचा भुगा.

बरं, वरनं काहीच दिसत न्हाय. हाताला प्लास्टर असतं तर लोकांनी निदान खुर्ची तरी दिली असती.

त्यात मी पडलो नकला करणारा. शाळेपासनं हेडमास्तर, म्हशी, पुढारी, सगळ्यांचे आवाज काढतोय. त्यामुळं मी "दमलो" म्हणलं की घरात कुणाला खरंच वाटंना.

"कर, कर. आता दमलेल्याची नक्कल कर," आण्णा, म्हंजी माझे वडील, म्हणायचे.

"आण्णा, खरंच उभं राहवंना."

"मी अख्खी कंडक्टरकी येष्टीत उभ्यानं काढली. तुला दोन घंटे जमंना?"

मग अणदूरला चुलतबहिणीचं लग्न निघालं. आमच्याकडं अक्षता पडायच्या आधी पाव्हण्यांचे सत्कार असतेत. माईकवर एकेकाला पुकारायचं, टोपी-टॉवेल-नारळ द्यायचा. लोक मुठीत तांदूळ धरून घामाघूम, पण एक पाव्हणा राहिला तर वर्षभर रुसवा. माईक कायम माझ्याकडं. ह्या बारीला जमायचं न्हाय म्हणलं, तर आण्णा म्हणले, "बसून बोल की. तोंडाला काय ताकद लागती व्हय?"

बसलो. पहिले पाच-सहा पाव्हणे झकास पुकारले, ज्याला त्याच्याच आवाजात. तेवढ्यात बँड सुरू झाला, स्पीकरनं शिट्टी मारली, आन् नवरदेवाचे मामा समोर उभे असताना त्यांना काय म्हणायचं तेच डोक्यातनं गेलं. माईक धरून नुस्ता बघत राहिलो. मग मान मागं पडली.

मांडव हसून लोळाय लागला. "वन्स मोर!" कुणीतरी ओरडलं. मामा तर इतके खूष, की "लई भारी पोरगंय" म्हणत त्यांनी सत्काराची टोपी माझ्याच ठणकत्या डोक्यावर घातली.

लाज राखायला मी आण्णांचा आवाज काढाय गेलो. "चला, पुढं सरका," एवढंच. तो मला झोपेतबी जमतोय. पण नुस्ती हवा निघाली. लोक अजूनच हसले.

आण्णा न्हाय हसले. त्यांनी माईक काढून घेतला, मला धरून मांडवामागं नेलं, गादीवर निजवलं आन् टोपी काढली.

"कवापासनं होतंय असं?"

"पडल्यापासनं."

"आन् आमाला सांगायचं न्हाय व्हय रं, गाढवा?"

मला उठून भांडायचं होतं. लई भांडायचं होतं. उठवंना.