उलटा केलेला साचा

चाकणच्या आमच्या छोट्या कंपनीत गुडघ्यातल्या झिजलेल्या कूर्चेसाठी जाळी बनते. स्पंजासारखी मऊ, तिच्यात पेशी रुजतात. अडचण एकच होती. जाळीत पाणी, कूर्चेतही पाणी, त्यामुळे एमआरआयमध्ये जाळी दिसायचीच नाही. बसवलेली जाळी जागेवर आहे की सरकली, डॉक्टरला कळणार कसं?

जाळीसाठी साच्यात जे द्रावण ओततात, त्यात मी लोहाचे अतिसूक्ष्म कण मिसळून पाहिले. जास्त झाले की चित्रात नुसता काळा डाग, कमी झाले की काहीच नाही. प्रमाण सापडायला वर्ष गेलं. सांगवीहून माझ्याच गाडीत येणारी सहकारी रोज विचारायची, "ताई, काल काय झालं?" मोशीच्या कोंडीत वेळच वेळ. मी सांगत गेले.

पेटंटचा अर्ज मला प्रिंटरवर सापडला. साहेबांचं नाव होतं, तिचं होतं. माझं नव्हतं.

"लिहून काढलं कुणी, ताई? मीच ना," ती म्हणाली. "तुम्हाला तर लिहायचा कंटाळा."

दुसऱ्या दिवसापासून मी सांगवीला गाडी थांबवली नाही.

पुढे चाचणीत तिनं ओतलेली जाळी अर्धीच दिसली. खालची बाजू काळीकुट्ट, वरची गायब. तीनदा केलं, तीनदा तेच. साहेबांनी मला बोलावलं.

"मॅडम, जरा बघा ना. टीमचंच काम आहे."

"टीमच्या यादीत मी नाही. आधी नाव, मग हात."

साहेब हसले. मी हसले नाही. वकिलाला माझ्यासमोर फोन झाला. दोन दिवसांनी दुरुस्तीचा अर्ज आला, तो नीट वाचून मी सही केली आणि हातमोजे घातले. साचा भरला, झाकण लावलं, द्रावण घट्ट होईपर्यंत तो सारखा उलटा-सुलटा करत राहिले. कण तळाशी बसू नयेत म्हणून. माझी पहिली नोकरी चिंचवडला रंगाच्या कारखान्यात. तिथे डबे असेच उलटे करायचो. हात आपोआप करायचे. हेही सांगायचं असतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

चित्रात जाळी एकसारखी उमटली, कडांसकट.

ती मागेच उभी होती. "म्हणजे एवढं लपवून ठेवलं होतंत, ताई?" सगळ्यांसमोर म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. अर्जात नाव आलं होतं, पण त्या खोलीत चोर मीच ठरले होते.