आत्याची बाटली माझ्या पिशवीत

तुमच्या घरातल्या दुसऱ्या माणसाची गोळी बंद करायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? मला कुणीच दिला नव्हता. मी तो परस्पर घेतला, आणि वर त्यावर भाषणही केलं.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. इंदापूरला तहसील कचेरीवर जो मोर्चा निघेल त्यात वडील असायचे, आणि येताना उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन यायचे. आईनं त्यांतली गुलाबी फडताळात अंथरली होती, पिवळी ट्रंकेच्या तळाशी. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं, की उद्गारचिन्हाशिवाय वाक्य संपतच नाही. बारामतीला कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच पत्रकं लिहायला लागले. हुंड्याविरुद्ध लिहिलं, कॉपीविरुद्ध लिहिलं, कॅन्टीनच्या चहाविरुद्धही लिहिलं. चहाचं सर्वांत गाजलं.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हाची ही गोष्ट. भवानीनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीजवळ, माझ्या आत्याची पिठाची गिरण होती. तिथं दळणाबरोबर टोमणाही मिळायचा. "गहू निवडल्यात का नुसतं बघितल्यात?" हे तिचं नेहमीचं स्वागत. बायका चिडायच्या आणि पुढच्या आठवड्यात डबा घेऊन पुन्हा तिथंच यायच्या.

मग एका वर्षी ती बोलायचीच थांबली. कारण कुणाला सापडलं नाही. कुणी गेलं नव्हतं, कुणी भांडलं नव्हतं. गिरणीमागच्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि वाढलेलं ताट तसंच राहायचं. आठ महिने गिरण मामांनी चालवली. आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणतो. त्या आठ महिन्यांत सगळ्या वसाहतीनं जाडीभरडी भाकरी खाल्ली. शेवटी वडिलांनी तिला बारामतीला नेलं. तिथं मनाच्या आजारांच्या एक डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा पुण्याहून यायच्या. त्यांनी उदासीच्या आजारावरच्या गोळ्या दिल्या. दीडेक महिन्यानं आत्या भिंतीकडून वळली आणि म्हणाली, "पीठ जाड येतंय. दगडाला टाकी लावून घ्या." मामा त्या दिवशी गिरण बंद ठेवून रडले.

त्यानंतर वर्षभर ती गोळ्या घेत होती. टोमणे परत आले. पण तोंड सारखं कोरडं पडायचं, पोट साफ होत नव्हतं, आणि सकाळी डोळ्यांवर झापड असायची. एकदा गुंगीत तिनं एकीचे गहू दुसरीच्या बाजरीवर ओतले आणि दोघींना म्हणाली, "आता एकाच चुलीवर करा." सगळ्या हसल्या. मामांना हसू आलं नाही. गिरणीच्या पट्ट्याजवळ डुलकी लागली तर हातच जातो.

अशातच एका रविवारी मी तिच्याकडे गेले होते. आत्यानं मला सहज विचारलं, "आता बरी हाय मी. ह्या गोळ्या सोडाव्या का गं?"

'डॉक्टरांना विचारू' एवढं उत्तर पुरेसं होतं. पण माझ्या पिशवीत औषध कंपन्यांविरुद्धचं एक पत्रक होतं. त्यातलं पुष्कळ खरं होतं. गरज नसलेली औषधं लोकांच्या गळ्यात मारली जातात, हे मी आजही ओरडून सांगेन. पण त्या पत्रकात माझ्या आत्याबद्दल एकही ओळ नव्हती, हे मला तेव्हा दिसलं नाही.

"आत्या, ही गुलामगिरी आहे!"

"कुनाची?"

"गोळीची!"

"गोळीची बरी गं. ती सैपाक सांगत न्हाय," आत्या मामांकडे बघत म्हणाली.

मामा मात्र माझ्या बाजूनं झाले. "पोरीचं बराबर हाय. ऊस तोडायच्या आदी आपन पानी बंद करतोच की. पंधरा दिस थेंब देत न्हाय. त्याबिगर साखर भरत न्हाय."

हा दाखला मला इतका आवडला की मी तो वहीत टिपून घेतला. एकदम पाणी बंद, आणि मग गोडवा! आत्या काहीतरी बोलायला लागली होती. आम्ही दोघांनी तिला समजावून सांगितलं, म्हणजे बोलू दिलं नाही. निघताना मी गोळ्यांची बाटली माझ्या पिशवीत टाकली, तिला मोह नको म्हणून. एसटीत बसले तेव्हा मी एक माणूस मुक्त केला होता.

पाचव्या दिवशी हॉस्टेलशेजारच्या एसटीडी बूथवर मामांचा फोन आला.

"पोरी, बाटली घिऊन ये. आत्ताच्या आत्ता."

"काय झालं मामा?"

"ऊस अंगावर आलाय."

मी पोचले तेव्हा गिरण बंद होती. आत्या पोत्यांवर बसली होती, अंगाला घाम, डोळे सुजलेले. तीन रात्री झोप नव्हती, सारखं मळमळत होतं, पट्ट्याच्या आवाजानं दचकायला होत होतं. सकाळी एका गिऱ्हाइकाला ती इतकं लागेल असं बोलली होती की बाई डबा तिथंच टाकून गेली. तो टोमणा नव्हता. आत्याच सांगत होती, टोमणा कसा मापात पायजे. आणि सांगता सांगता ती रडायला लागली.

"पुडारीनबाई," ती मला म्हणाली, "तुमचा मोर्चा माज्या पोटात चाललाय बगा."

मला हसू आलं नाही. मला ती भिंत दिसत होती आणि त्या भिंतीसमोर बसलेली ती. या वेळी ती वळली नाही तर? आठ महिन्यांची आठ वर्षं झाली तर? चळवळीत आम्ही सारखं विचारायचो, जबाबदार कोण? इथं उत्तर माझ्या पिशवीत खुळखुळत होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा बारामतीचा वार होता. पहिल्या एसटीनं आम्ही तिघं गेलो. आत शिरताच मी सुरुवात केली, "त्याचं असं झालं..."

"तुम्ही कोण?" बाईंनी विचारलं.

"भाची."

"मग भाचीचं नंतर ऐकू." आणि त्या आत्याकडे वळल्या. "गोळ्या का सोडाव्याशा वाटल्या तुम्हाला?"

आत्या दहा मिनिटं बोलली. तोंडाचं, पोटाचं, गहू-बाजरीचं सगळं. मग खाली बघत म्हणाली, "आन् जनमभर घ्यावी लागंल ह्याचं भ्या वाटतं. पन सोडली आन् पुन्हा ते झालं, तर त्याचं त्याहून जास्त." यातलं दुसरं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. रविवारी ती हेच बोलायला लागली होती.

बाईंनी सोप्या भाषेत सांगितलं. या पाच दिवसांचा त्रास गोळी एकदम तोडल्याचा आहे, आजार परत आला असं लगेच समजू नका. आजार आलाच तर हळूहळू येतो, गोळी सोडल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी. सोडलीत तर तोंड, पोट, झापड सुटेल. पण पुन्हा खाली जाण्याचा धोका आहे, तो किती हे मी छातीठोक सांगू शकत नाही. सध्या पुन्हा सुरू करा, रात्री जरा लवकर घ्या म्हणजे सकाळची झापड कमी होईल. सोडायचीच असेल तर थोडी थोडी कमी करत, माझ्या नजरेखाली, आणि डोक्याला ताण नसेल अशा दिवसांत.

आत्याचा चेहरा एकदम खुलला. "आत्तं गं! म्हंजी कोकरू तोडायचं हाय!"

आमचं घर मूळचं मेंढरं राखणारं. शेती नंतर आली. आत्याचं लहानपण कळपामागं गेलेलं. तिनं बाईंनाच समजावलं. कोकराचं दूध कधी एकदम तोडत नाहीत. आधी दिवसाचं एक पाजणं बंद, कोकरू चाऱ्याला लागलं की दुसरं. एकदम तोडलं तर कोकरूही ओरडतं आणि मेंढीची कासही ठणकते. "आन् आमचं हे बसल्यात ऊस धरून," ती मामांकडे हात करून म्हणाली. "मी ऊस हाय व्हय?"

"न्हाय बा," मामा म्हणाले. "उसाला गोडी असती."

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की बाहेरच्या रांगेतली माणसं डोकावून बघायला लागली.

कधी सुरू करायचं ते आत्यानंच ठरवलं. कारखान्याचा पट्टा पडू दे, म्हणजे गाळप संपू दे. हंगामात गिरणीवर ऊसतोड्यांच्या दळणाची झुंबड असते. लक्ष काय ठेवायचं तेही तिनंच सांगितलं. "मी गिऱ्हाइकाला टोमना मारीना झाले, की मला बारामतीला आना." त्यानंतर मामा दर संध्याकाळी तिच्या तोंडून एक तरी टोमणा निघाल्याशिवाय जेवत नसत. निघाला नाही तर मुद्दाम भाजीला नावं ठेवत.

उन्हाळ्यात गोळीची एक पायरी उतरली, पावसाळ्यात दुसरी. तोंडाला पाणी सुटायला लागलं. मी मनातल्या मनात शेवटच्या पायरीचा विजय साजरा करत होते. आणि दिवाळीच्या सुमारास, दुसरी पायरी उतरल्यावर काही आठवड्यांनी, आत्या सलग चार दिवस गप्प राहिली. पाचव्या दिवशी सकाळी ती स्वतःच लुगडं बदलून उभी राहिली. "चला बारामतीला." बाईंनी तिच्याशी बोलून तिला एक पायरी मागं घेतलं. आजही ती तेवढी छोटी गोळी घेते आणि गिरण चालवते.

"आत्या, एकच पायरी राहिली होती गं," मी हळहळून म्हणाले.

"तुला मोर्चा जिंकायचा हाय," ती म्हणाली. "मला दळान दळायचंय. उद्या वाटलं तर पुन्हा बगीन. मी बगीन, कळलं?"

म्हणून हे लिहिते आहे, आणि तुमच्याकडे एक मागणी आहे. तुमच्या घरात कुणी अशी गोळी घेत असेल आणि ती सोडावी असं बोलत असेल, तर या आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. तोवर गोळी एकदम बंद करू देऊ नका, आणि बळंही देऊ नका. वाटेत विचारा, सोडून काय मिळावंसं वाटतं आणि कशाची भीती वाटते. आत गेल्यावर शेजारच्या खुर्चीत बसा आणि त्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडू नका.