कुंपणावर टांगलेले मोजे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही आमच्या आगाशी गावचे नाही, म्हणून जीभ उचलतेय — की आता वय झालं म्हणून? असो. सांगतो.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांतली गोष्ट. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, मुंबईत अंतर्गळाचं ऑपरेशन झालं. त्याच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा आधीपासून फुगलेल्या. म्हणून घरी सोडताना डॉक्टरांनी रबरी धाग्याचे मोजे दिले — मांडीपर्यंत लांब, भारी घट्ट. पायात रक्त साकळून गुठळी झाली तर ती छातीत जाते, म्हणाले. सकाळी बिछान्यातून उठायच्या आधी चढवायचे, रात्री निजतानाच काढायचे. मधे नाही. वहिनीला सातवा महिना, तिला वाकवत नव्हतं. तेव्हा ते काम माझ्याकडे आलं.

आणि मी ते मन लावून केलं, हेही खरं. दादाचा पाय उचलून धरायचा, तांदळाची पिठी चोळायची, बोटांपासून मोजा वर सरकवत न्यायचा. घाम फुटायचा. "नवरीला चुडा भरतोय जसा," दादा हसायचा. हसला की टाके दुखायचे.

पण आमची पानवेल! विड्याच्या पानांच्या मळ्यात पायात काही घालून जात नाहीत. चप्पल नाही, मोजाही नाही. वेल रुसते, असं आम्ही बापजाद्यांपासून मानत आलो. डॉक्टरांनी थोडं चालायला सांगितलेलं, म्हणून दादा वाडीत फिरायचा आणि पानवेलीच्या कुंपणाशी येऊन थांबायचा. आत वेली बांधायच्या राहिल्या होत्या. ते काम माझं होतं.

मी काय करत होतो? गावात नाटक बसत होतं. मला सेनापतीची भूमिका मिळाली होती, आणि तालमी भर दुपारी असायच्या.

एक दिवस दादा म्हणाला, "काढ रे हे मोजे, दोन ओळी बघतों नि येतों." मी काढले — नाही. हे खोटं आहे. इतकी वर्षं मी स्वतःलाही असंच सांगत आलो. दादा काही बोललाच नव्हता. नुसता कुंपणाशी उभा होता. मीच म्हणालो, "दादा, मोजे काढून जरा आत जाऊन ये की. तुझा हात लागला तर वेल सावरेल." त्याचा चेहरा असा उजळला, काय सांगू. "डाक्टर काय बोलेल?" "त्याला कोण सांगायला जातंय?" मी मोजे काढून कुंपणावर टांगले आणि तालमीला पळालो.

मग ते रोजचंच झालं. दोन ओळींच्या दहा झाल्या. सहा दिवस दादा उकिडवा बसून वेली बांधत होता आणि मी लाकडी तलवार परजत होतो. परत आलो की वहिनीच्या नजरेस पडायच्या आत त्याचे पाय धुऊन मोजे पुन्हा चढवायचे. पाय जड झालेले असत, मोजा चढता चढत नसे. दिसत नव्हतं का मला? दिसत होतं. डाव्या पोटरीला हात लागला की दादा पाय आखडून घ्यायचा. मी काय केलं? पिठी जास्त लावली.

सातव्या दिवशी सकाळी मी मोजे चढवून त्याला ओटीवर आणून बसवलं. त्याने चहा मागितला, आणि छाती धरून वाकला. गावचे डॉक्टर सायकलवरून येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांनी मोज्यांकडे पाहिलं. "रोज घातले होते ना?" वहिनी दाराला धरून उभी होती.

"एक दिवस चुकवला नाही," मी म्हणालो. पाठ केलेल्या वाक्यासारखं सरळ आलं ते.

वहिनीने ते वाक्य जपलं. "ऑपरेशननेच घात केला. माझ्या भावजींनी एक दिवस चुकवला नाही," येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. बापाला न पाहिलेली तिची मुलगीही तेच ऐकत मोठी होत होती. आणि मी? मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

चार वर्षांनी शेजारचे भिकूकाका ऑपरेशन करून आले, तसेच मोजे घेऊन. वहिनी मला मोठ्या अभिमानाने त्यांच्याकडे घेऊन गेली. पाय कसा धरायचा, पिठी कुठे लावायची, सगळं मी दाखवलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, पानवेलीत जायचं म्हणून काढू नका हां."

काका दचकले. "वेल रुसेल ना रे!"

"रुसू दे," मी म्हणालो.

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मग मुलीचा हात धरून घरी गेली. दादाच्या श्राद्धाला ती अजून मला पानावर बसवते, आग्रहाने वाढते. पण ते वाक्य — एक दिवस चुकवला नाही — त्यानंतर तिच्या तोंडून कधी आलं नाही.