टोला, टिचकी आणि ‘देलं’

माझ्या मामेसासऱ्यांइतका लांब चेंडू मारणारा माणूस नागपुरात झाला नाही, आणि त्यांच्याइतका जवळून चुकणारा तर पृथ्वीच्या पाठीवर झाला नसेल. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे, म्हणून आता लिहायला संकोच नाही. गोल्फच्या मैदानावर ते पाय फाकवून उभे राहिले आणि काठी खांद्यामागे नेली की आसपासचे बगळे आपण होऊन उडायचे. मग जो आवाज व्हायचा त्यानं पलीकडे चरणाऱ्या म्हशीसुद्धा मान वर करायच्या. चेंडू टेकडीच्या दिशेनं निघायचा आणि दिसेनासा व्हायचा. मामाजी मात्र तो पडेपर्यंत हलायचे नाहीत. आपणच खणलेल्या कालव्यातून पहिलं पाणी जाताना पाहावं, तसे पाहत राहायचे. मग एवढंच म्हणायचे, “टोला.” गोल्फ म्हणजे इंग्रजांनी आपल्याकडून उचललेला विटीदांडू, नेताना फक्त विटीची टोकं घासून गोल केली, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या खेळात मर्दुमकी काय ती टोल्यात. भोकाजवळ येऊन चेंडू हळूच आत ढकलणं हे कारकुनी काम. त्याला ते टिचकी म्हणायचे, आणि म्हणताना बाहीवरची मुंगी उडवावी तसं बोट उडवायचे.

ते पाटबंधारे खात्यात मोठे साहेब होते आणि जन्मभर त्यांनी सगळे टोलेच मारले. हुडकेश्वरच्या बाजूला सगळीकडे ज्वारी उभी असायची तेव्हा त्यांनी तिथे बंगला बांधला. पोर्च असा की त्यात दोन ट्रक शेजारी शेजारी उभे राहावेत. पण न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नव्हती. ती लावायची राहून गेली होती, आणि मग राहूनच गेली. आत गेलेल्यानं गाणं म्हणत राहायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं, असा घरचा नियम होता. लग्नानंतर पहिल्यांदा मुक्कामाला गेलो तेव्हा मला हे सांगितलं गेलं. मी गणिताचा प्राध्यापक, गाणं येत नाही; मी एकोणतीसचा पाढा म्हणत आंघोळ केली. मामाजींना तो पाढा इतका आवडला की पुढे पाहुण्यांना ते अभिमानानं सांगायचे, “आमचे जवाई आंगोयीतही शिकवतेत.” कळमन्याच्या बाजारातून ते संत्र्यांचा पेटाराच्या पेटारा आणायचे आणि घरी आल्यावर कळायचं की मामींनी फक्त मीठ मागवलं होतं. मामी म्हणायच्या, “तुमचे मामाजी नदी अडवतेत, पर नळ टपकते तो नाही अडवत.”

मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला माणूस. वडील सक्करदऱ्याकडे वीटभट्टीवर होते. जे मिळालं ते शिकून मिळालं, कुणी ओंजळीत घातलेलं नाही, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो. त्यामुळे रविवारी पहाटे मामाजींनी मला स्कूटरवर मागे बसवून मैदानावर न्यायला सुरुवात केली तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं की साहेब लोकांची बॅग मी उचलणार नाही. ती वेळच आली नाही. आमच्यात जवायाच्या खांद्यावर ओझं देणं म्हणजे पाप. तेव्हा ज्यांच्या सहीसाठी अर्ध्या विदर्भातले ठेकेदार ताटकळत बसायचे ते मामाजी दोन्ही खांद्यांवर दोन बॅगा घेऊन पुढे, आणि मी हात हलवत मागे, अशी आमची वरात निघायची. बघणारे हसायचे. मामाजी त्यांनाच विचारायचे, “काहून हासता गा? जवाई नाहीत काय तुमच्या घरी?”

आमच्या मैदानावर उन्हाळ्यात गवत टिकत नाही. त्यामुळे भोकाभोवती हिरवळीऐवजी वाळू, आणि ती उडू नये म्हणून तिच्यात मोटारीचं जळकं ऑइल कालवलेलं. बाहेर ज्याला ग्रीन म्हणतात त्याला आमच्याकडे ब्राऊन म्हणत. तिथे एक रीत होती. चेंडू भोकाच्या अगदी जवळ आला की समोरच्यानं मोठ्या मनानं “दिया” म्हणायचं. मग तो न ढकलताच आत गेला असं धरायचं आणि उचलून घ्यायचा. मी पहिल्यांदा खेळलो त्या दिवशी माझा चेंडू भोकापासून चांगला हातभर लांब थांबला, तरी मामाजी म्हणाले, “देलं, जवाईबापू.” जवायाचा चेंडू अडवायचा नसतो, हा त्यांचा धर्म. मी म्हटलं, मामाजी, मला दिलेलं नको, मी घालूनच घेतो. आणि घातला. लहानपणी भट्टीच्या आवारात कंचे खेळलेला माणूस मी, खड्ड्यात गोल वस्तू कशी जाते ते मला कुणी शिकवायला नको होतं. मामाजींनी भोकात वाकून पाहिलं. मग म्हणाले, “म्हणजे तुम्ही घेणारही नाही, अन् मले देणारही नाही?” मी म्हटलं, हिशेब सरळ आहे.

तिथून आमचा वाद सुरू झाला, तो पुढे दर रविवारी तर्री-पोह्यांबरोबर चालायचा. माझं म्हणणं साधं होतं: टेकडीपर्यंत गेलेला टोला मोजताना एकच धरतात, आणि वीतभराची टिचकीही एकच. दोन्हींची किंमत सारखी, मग चुकते ती गोष्ट शिकावी. यावर मामाजी तर्रीचा भुरका मारून म्हणायचे, “टोला नसला तं टिचकी कुठं मारसान? घरी बसून?” पण टिचकीला ते का हसतात याचं खरं कारण मला तेव्हाच दिसत होतं. इतरांशी खेळताना मामाजींना टिचकी मारायची वेळच येत नसे. त्यांचा चेंडू ब्राऊनवर नुसता टेकला की चार दिशांनी “दिया साहब, दिया” सुरू व्हायचं. सगळ्यात मोठा आवाज एका ठेकेदाराचा असायचा. त्याचं मन इतकं मोठं की चेंडू अजून वाळूबाहेर असतानाच तो देऊन मोकळा व्हायचा. मी एकटा देत नसे, आणि डाव माझ्याशी असला की मामाजी हटकून चुकायचे. “तुमची नजर लागते,” म्हणायचे.

मग मामाजी निवृत्त झाले. हार झाले, भाषणं झाली, आणि पुढच्याच रविवारी त्यांचा चेंडू भोकापासून वीतभर अंतरावर थांबला. सवयीनं ते उचलायला वाकले. कुणी काही बोललं नाही. ठेकेदार टेकडीवरच्या घारी पाहत होता. मामाजी वाकलेले तसेच राहिले. मग सरळ झाले, काठी घेतली, आणि चेंडू भोकाच्या बाजूनं निघून गेला. परतताना स्कूटर त्यांनी तलावाजवळ थांबवली आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, “जवाईबापू, इतकी वर्षं मी खेळून राहिलो होतो, का ते मले खेळवून राहिले होते?”

मी गोड बोलणारा माणूस नाही. मी म्हटलं, टोला तुमचाच होता, तो कुणी दिलेला नव्हता. बाकीचं तुम्हीच सांगा. त्यांनी स्कूटरला किक मारली. मग म्हणाले, “मले टिचकी शिकवा.”

त्यानंतर टिचकी हातात बसेपर्यंत मामाजी मैदानावर गेले नाहीत. त्या ठेकेदारासमोर स्वतःच्या हातानं चेंडू घातल्याशिवाय आपण काही खेळलो असं म्हणणार नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. व्हरांड्यात स्टीलचा ग्लास आडवा ठेवायचा आणि सतरंजीवरून चेंडू त्यात घालायचा, असा अभ्यास सुरू झाला. पहिल्या दिवसांत चेंडू ग्लासासकट फाटकापर्यंत जायचा. मामी म्हणायच्या, आता पाणी कायनं प्यायचं ते सांगा. मी म्हणायचो, मामाजी, धरण नाही बांधायचं, कडी लावायची आहे. ते वैतागायचे, मला मास्तर म्हणायचे, पण पुन्हा वाकायचे. पावसाळा असा व्हरांड्यातच गेला. हिवाळ्यात एका सकाळी त्यांनी आपण होऊन दोन बॅगा खांद्यावर घेतल्या.

त्या दिवशी टोला नेहमीसारखाच गेला, म्हशींनी मान वर केली. शेवटच्या ब्राऊनवर चेंडू भोकापासून काठीभर अंतरावर थांबला. मामाजींनी काठी दोनदा टेकवली आणि दोनदा उचलली. ठेकेदारालाही ते दिसलं असावं. माणूस वाईट नव्हता. तो हळूच म्हणाला, “दिया साहब, रहने दो.” मामाजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी भोकापासून दोन पावलं मागे सरलो. “आमचे जवाई नाही देत,” ते म्हणाले, “अन् ते देत नाही तोवर मी उचलत नाही.” चेंडू तेलकट वाळूत एक बारीक रेघ ओढत गेला आणि आत पडला. त्या दिवशी पोह्यांवर त्यांनी माझ्या बशीत तर्री दोनदा वाढली.

पुढे काही वर्षांनी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मैदान सुटलं, स्कूटर सुटली. रविवारी मी जायचो तेव्हा ते व्हरांड्यात खुर्चीत बसलेले असायचे, डाव्या हातात काठी, समोर तोच ग्लास. एका रविवारी चेंडू ग्लासाच्या तोंडाशी, बोटभर अलीकडे थांबला. त्यांना धाप लागली होती, कपाळावर घाम होता. माझ्या तोंडून, कॉलेजात कधी न वापरलेल्या आमच्या घरच्या बोलीत, निघून गेलं, “देलं, मामाजी.”

त्यांनी मान वर केली.

“परत घ्या,” ते म्हणाले. जीभ जड झाली होती, पण आवाज साहेबाचा होता. “दुनिया देऊनच राहिली आहे आता मले. घास भरवते, बटन लावून देते, मी घेतो. तुम्ही तेवढे देऊ नका, जवाईबापू.”

मी शब्द परत घेतला. आत न्हाणीघरातून मामींच्या गाण्याचा आवाज येत होता. कडी अजून लागली नव्हती. मामाजींनी काठी चेंडूमागे टेकवली, बराच वेळ तशीच धरली, आणि बोटभर ढकलली. चेंडू आत गेला, ग्लासाच्या तळाला लागून टण् असं वाजलं. ते हलले नाहीत. तो आवाज पुरता विरेपर्यंत समोर पाहत राहिले, दूर टेकडीकडे पाहावं तसे.

मग म्हणाले, “टोला.”