उकडलेलं अंडं आणि निळा चष्मा

चाकणला आमच्या कंपनीच्या गेटबाहेर एक जण हातगाडीवर उकडलेली अंडी विकायचा. अंडं सोलून झालं की बाळाच्या गालावरून फिरवावा तसा त्यावरून अंगठा फिरवायचा. मला ती लाडाची सवय वाटायची.

मी भट्टीवर नवीन होतो. निळ्या काचेचा चष्मा मिळाला होता, पण घामानं धुरकट व्हायचा, म्हणून तो कायम कपाळावर. एकदा शिफ्टच्या आधी तसाच त्याच्या गाडीवर गेलो, तर त्यानं सोललेलं अंडं माझ्यापुढं धरलं.

"भाऊ, हे परत कच्चं करून दाखवा."

"ते कसं होईल?" मी हसलो.

"मग चष्मा डोळ्यावर घ्या. अंड्यात काय न् डोळ्याच्या भिंगात काय, प्रोटीनच, असं डॉक्टर म्हणाले. भट्टीच्या झळीनं तेही असंच पांढरं होतं. अंडं लगेच सांगतं, डोळा वर्षानुवर्षं गप्प बसतो. मीपण भट्टीवरच होतो, राव. तिखट-मीठ टाकू ना?"

अंडं हातात आलं. एवढा अंगठा फिरवूनही टरफलाचा एक तुकडा राहिलाच होता, चांगला नखाएवढा. मी तो गुपचूप काढला, अंडं खाल्लं आणि चष्मा खाली ओढून आत गेलो.